आजीला शाळेच्या गेटवर पाठवू नकोस

ताई, नमस्कार.

मी मूळची बार्शीची, लग्नानंतर पुण्यात आले. हे हिंजवडीला आयटीत आहेत, मी घरून दोन-तीन छोट्या फर्मची अकाउंट्सची कामं बघते. एकुलती एक मुलगी बाणेर भागातल्या मोठ्या शाळेत तिसरीत आहे. फी वर्षाला पावणेतीन लाख. ओढूनताणून का होईना, परवडतं. पण तिथल्या बाकीच्या आयांचं वागणं आता सहन होत नाही. वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि त्यातल्याच दहा-बारा जणींचा वेगळा ‘कॉफी ग्रुप’. त्यात मी नाही. ट्यूशन कुठे लावायची, स्केटिंगचे सर कोण, सगळं तिथे ठरतं आणि आम्हाला मागाहून कळतं. दिवाळीच्या आधी एकीच्या मुलाचा वाढदिवस मुळशीच्या रिसॉर्टवर झाला. अर्ध्या वर्गाला बोलावणं होतं, आम्हाला नव्हतं. रिटर्न गिफ्ट म्हणून नाव छापलेल्या ट्रॉली बॅगा दिल्या, आणि सोमवारी मुलं त्याच ओढत शाळेत आली.

माझ्या मुलीची खास मैत्रीण आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर, आलेली आहे. (पहिलीत असताना कुणीतरी निवड यादीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता, म्हणून सगळ्यांना माहीत आहे.) मुलगी गोड आहे, तिची आईही चांगली आहे. मी बोलते त्यांच्याशी, पण गेटवर फार वेळ नाही. आपल्यालाही त्यातच धरतील अशी भीती वाटते.

गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, “मम्मा, आजीला गेटवर पाठवू नकोस, सगळे हसतात.” सासूबाई नऊवारी नेसतात, लांबूनच “ए बाळे, हिकडं ये” अशी हाक मारतात. तेव्हापासून मीच आणायला जाते. त्यांना सांगितलं, तुमचे गुडघे दुखतात, उन्हात कशाला.

फेब्रुवारीत मुलीचा वाढदिवस आहे. हे म्हणतात घरी करू, तू दुर्लक्ष कर. मी एक हॉल बघितलाय, सगळं मिळून 85 हजार. दहा हजार टोकन दिलंय, ह्यांना माहीत नाही. त्या मैत्रिणीला बोलवावं का? त्या दोघींनाच तिथे अवघड होईल असं वाटतं. की सरळ शाळाच बदलावी?

– एक आई, बाणेर

नमस्कार.

शाळा बदलू नका. निदान या कारणासाठी तरी नको. कर्ज काढून फी भरत असतात, किंवा वर्गातल्या बाईच मुलांमध्ये डावं-उजवं करत असत्या, तर मी वेगळं सांगितलं असतं. वर्गशिक्षिकेबद्दल तुम्ही एक अक्षरही वाईट लिहिलेलं नाही. तक्रार आहे ती गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या बायकांबद्दल, आणि त्या पुढच्या शाळेतही असणार. फी साठ हजार असेल तिथे रिसॉर्टच्या जागी सोसायटीचं क्लब हाऊस येईल आणि ट्रॉली बॅगेच्या जागी टिफिनचा डबा. कुणाला बोलवायचं आणि कुणाला गाळायचं हा हिशोब तिथेही सुटणार नाही.

हे सगळं महागड्या शाळांनीच आणलं असंही समजू नका. शाळेच्या नावावरून माणूस जोखायची पुण्याची खोड जुनी आहे. न्यू इंग्लिश स्कूल 1880 सालचं, हुजूरपागा 1884 सालची. या शाळांच्या पिढ्यान्‌पिढ्या पेठांमध्ये वाढल्या आणि “कुठल्या शाळेत?” या प्रश्नाच्या उत्तरावर समोरच्याच्या भुवया हलायच्या, तेही फी किरकोळ असताना. मुलगा बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आला की त्याच्या आईला वर्षभर भाजीवालाही ‘मॅडम’ म्हणायचा. आणि सोलापूर-लातूरकडून कॉलेजला आलेली पोरं ‘आनी-पानी’ म्हणाली की किती जणांनी दात काढले, ते तुमच्या माहेरच्या कुणालाही विचारा. तेव्हा तोरा उच्चारांचा आणि आडनावांचा होता. आता तो रिसॉर्टचा आहे.

तुमच्या बाणेरचीच गंमत बघा. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत क्रीडानगरी झाली तेव्हा आसपास शेतं होती. ज्यांची ती शेतं होती त्या घरांतली नातवंडं आज तुमच्या मुलीच्या शाळेत असतील. त्यांच्याकडे फॉर्च्युनर आहे, गळ्यात बोटभर जाड चेन आहे, आणि तुमच्या कॉफी ग्रुपमधल्या अर्ध्या नवऱ्यांचे पगार एकत्र केले तरी पुरणार नाहीत इतकी जमीन अजून शिल्लक आहे. तरीही त्यांच्या पाठीमागे ‘गुंठामंत्री’ म्हणून हसणारे कोण? दोन बीएचकेचा हप्ता फेडणारे आयटीवाले. गेटवर फक्त पैसा मोजला जातो असं वाटत असेल तर तसं नाही. इंग्रजी, माहेरचं गाव, गाडीतून उतरताना हातात कुठली बाटली आहे, सुट्टीत कुठे गेलात, सासू कशी दिसते, सगळंच तोललं जातं. आणि तोलणारा प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी काट्यावर उभा असतो.

कॉफी ग्रुपबद्दल दोन शब्द, जास्त नाही. असे ग्रुप मी बरेच पाहिलेत. त्यांत हमखास दोन-तीन जणी अशा असतात ज्यांनी एमबीए किंवा इंजिनिअरिंग केलंय, चांगली नोकरी केली, मुलं झाल्यावर सोडली, आणि आता वर्गाचा ग्रुप ऑफिस चालवावं तसा चालवतात. कामाचं वाटप, एक्सेल शीट, कोण आत, कोण बाहेर. त्यांचं चुकतं कुठे हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही. तिथे घडणाऱ्या गोष्टींपैकी तुमच्या कामाचं काय, एवढंच बघा. स्केटिंगच्या सरांचा नंबर? तो मुख्य ग्रुपवर सरळ विचारा, कुणीतरी देतंच. तिसरीतल्या मुलीला ट्यूशन? ती लावूच नका. उरली सहलीची बातमी, ती शाळेच्या ॲपवर येते. मग त्या ग्रुपमध्ये नसल्यामुळे तुमचं नेमकं काय बुडालं? मान दुखावला गेला, हे खरं. तो दुखणारच. पण मुलीचं काही बुडालेलं मला पत्रात दिसलं नाही. रिसॉर्टला न गेल्याचं तिने मनाला लावून घेतलं का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. रडली का? दुसऱ्या दिवशी बोलली का? की सोमवारी त्या बॅगा बघून तुम्हीच गेटवर उभ्या राहिलात आणि ती मैत्रिणीचा हात धरून आत निघून गेली?

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसले त्याकडे येते. तुमच्या पत्रात कॉफी ग्रुप सुरुवातीलाच आहे, पण मी अडले ते नंतरच्या दोन वाक्यांपाशी. एक, “गेटवर फार वेळ नाही.” दुसरं, “तुमचे गुडघे दुखतात, उन्हात कशाला.”

ज्या पंक्तिप्रपंचाने तुम्ही पोळलात तोच तुम्ही पुढे वाढताय. वर बसलेल्या बायकांनी तुम्हाला गाळलं, तुम्ही त्या मैत्रिणीच्या आईला गाळलंत, आणि आता नंबर सासूबाईंचा लागला. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तसं असतं तर तुम्ही ही वाक्यं लिहिलीच नसती, गाळून टाकली असती. पण मुलगी आठ वर्षांची आहे, आणि या वयाची मुलं आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण आवाज कुठे खाली आणतो ते टिपतात. कुणाशी बोलताना आई इकडेतिकडे बघते, कुणाशी बोलताना तिचं इंग्रजी सुरू होतं, कोण आलं की ती पदर सारखा करते, हे तिला पाठ आहे. तिने “आजीला पाठवू नकोस” म्हटलं तेव्हा ती तुम्हाला चाचपडून बघत होती. दुसऱ्या दिवशी गेटवर तुम्ही दिसलात. म्हणजे तिला उत्तर मिळालं: आजी दडवायची गोष्ट आहे, आणि दडवण्यासाठी गुडघ्यांचं कारण चालतं.

तर सोमवारपासून सासूबाईंना पाठवा. आधी त्यांची परवानगी घ्या, कारण त्या भोळ्या असतील असं तुम्ही गृहीत धरलंय. मला शंका आहे. ज्या बाईने गावाकडे संसार केला, मुलाला इंजिनिअर केला आणि उतारवयात पुण्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिली, तिला सून गुडघ्यांचं निमित्त का काढते हे कळत नसेल? कळलं असेल आणि गप्प बसल्या असतील. त्यांना एवढंच म्हणा, “आई, मला दुपारी कामं असतात, तुम्हीच जात जा.” खुलासे नकोत.

मुलीला मात्र रागावू नका, आणि नऊवारीच्या थोरवीवर व्याख्यान तर अजिबात देऊ नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना घरच्यांची लाज वाटते, ती कुणाचीही वाटू शकते: बाबांच्या टकलाची, आईच्या स्कूटीची. तिला विचारा, नक्की कोण हसतं आणि कशावर. साडीवर की हाकेवर? बहुतेक हाकेवर असेल. मग तेवढा तिचा हक्क मान्य करा. “आजी येणार. तिने मोठ्याने हाक मारू नये असं तू तिला सांगू शकतेस. येऊ नको असं सांगता येणार नाही.” आजी आणि नात आपसात काहीतरी ठरवतील, तुम्ही मध्ये पडू नका.

आता ती मैत्रीण. “त्या दोघींनाच तिथे अवघड होईल” हे वाक्य दिसतं काळजीचं. पण अवघड नेमकं कुणाला होणार आहे? त्या मुलीला केक, फुगे आणि जिवाची मैत्रीण यात अवघड वाटण्यासारखं काही नाही. तिच्या आईने तर पहिलीपासून या गेटवर उभं राहून दाखवलंय, तेही यादीचा स्क्रीनशॉट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरल्यावर. त्या यादीबद्दलही बोलते. ती ऑनलाइन जाहीर होते ती प्रवेशात वशिलेबाजी होऊ नये म्हणून. कुणाच्या लेकराच्या कपाळावर शिक्का मारायला नव्हे. ज्याने कुणी तो स्क्रीनशॉट टाकला त्याला तेव्हा कुणी हटकलं का? तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे बहुधा कुणीच नाही.

त्या कुटुंबाला शाळेने उपकार म्हणून जागा दिलेली नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, एप्रिल 2010 पासून लागू. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, हे त्यात आहे. शाळांचे चालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि एप्रिल 2012 मध्ये न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा सोडून बाकीच्यांसाठी ही तरतूद कायम ठेवली. आपल्या राज्यात 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देऊन टाकली होती. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या पाच महिन्यांत प्रवेशाच्या लॉटरीकडे डोळे लावून बसलेल्या आयांचं काय झालं असेल, याचा तुमच्या कॉफी ग्रुपमध्ये विषयही निघाला नसेल. शिवाय हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला काय, पावणेतीन लाख कुठून आणायचे, हा प्रश्न त्या बाईच्या डोक्यात आज, मुलगी तिसरीत असताना, सुरू असणार. आरटीईतल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, असं केंद्राच्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिलंय. पण कायदा वर्गाच्या दारापर्यंत येतो, वाढदिवसाच्या यादीपर्यंत येत नाही. ती यादी तुमच्या हातात आहे.

तेव्हा बोलवा. सगळ्यात आधी तिला बोलवा. आणि हॉल सोडा.

हॉल सोडा म्हणते ते काटकसरीचा उपदेश म्हणून नाही, जरी तो हिशोबही तुम्ही माझ्यापेक्षा बरा मांडाल. वर्गात तीसेक मुलं, त्यातली वीस बोलावणी वर्षाला आली, आणि तुम्ही लाजेकाजेस्तव पंधराशेची भेट नेत असाल तर तीस हजार तिथेच गेले. त्यावर शिक्षक दिनाची वर्गणी, ॲन्युअल डेचे कपडे, वर हा हॉल. फी परवडते म्हणून शाळा परवडतेच असं नसतं. पण तुमच्या हॉलचा खरा घोळ वेगळा आहे. तो तुम्ही मुलीसाठी घेतलेला नाही. तो त्या दहा-बारा जणींना दाखवण्यासाठी आहे, आणि त्यांच्या नजरेतून बघू लागलात की मैत्रिणीची आई लगेच ‘अवघड’ दिसू लागते. ऋण काढून सण करायचा तो करा, पण पाहुणे तरी आपल्या आवडीचे असू देत. शिवाय 85 हजारांनी कॉफी ग्रुपमध्ये जागा मिळत नाही. फार तर, “हॉल बरा होता, स्टार्टर्स गार होते” एवढं मिळतं.

घरी करा, किंवा सोसायटीच्या गच्चीवर. मुलीला म्हणा, तुला हव्या त्या आठ जणांची नावं लिहून दे. नावं तिने लिहायची, तुम्ही खोडायची नाहीत आणि वाढवायचीही नाहीत. निमंत्रण वर्गात वाटू नका, प्रत्येक घरी वेगळा फोन किंवा मेसेज करा, म्हणजे न बोलावलेल्यांच्या तोंडावर ते फडकणार नाही. मेसेज सगळ्यांना एकच: “शनिवारी पाच ते साडेसात आमच्याकडे या. भेटवस्तू आणू नका, मुलीचा तसा आग्रह आहे.” हे फक्त त्या मैत्रिणीच्या आईला वेगळं सांगू नका, तो अपमान होईल. सगळ्यांना सांगितलं की प्रश्न मिटतो. ‘थीम’ ठेवू नका. युनिकॉर्नचा फ्रॉक म्हटला की कुणाच्या तरी घरी पाचशे-हजाराचा खड्डा पडतो. बटाटेवडे करा, केक आणा, खजिना शोधायचा खेळ ठेवा. रिटर्न गिफ्ट म्हणून एकेक गोष्टीचं पुस्तक पुरे. आयांपैकी ज्यांना थांबायचंय त्यांना चहा. मैत्रिणीच्या आईला आवर्जून थांबवा, आणि सासूबाईंच्या शेजारी बसवा. एक तर कंटाळणार नाही कुणी.

पुढे दुसऱ्यांच्या वाढदिवसांनाही रक्कम ठरवून टाका, चारशे म्हणा. मुलं भेटीची किंमत बघत नाहीत. आया बघतात, त्यांना बघू द्या. शिक्षक दिनाला ग्रुपवर “प्रत्येकी पंधराशे” आलं तर “मी तीनशे देतेय” असं तिथेच, सगळ्यांसमोर लिहा. पाठोपाठ आणखी चौघी तीनशे लिहितील. एकीने सुरुवात करण्याची वाट बघणाऱ्या तुमच्यासारख्या त्या ग्रुपमध्ये बऱ्याच असतात, आणि त्या सगळ्या बाकीच्यांना कॉफी ग्रुपवाल्या समजत असतात.

एक जागा अशी आहे जिथे कॉफी ग्रुपचं चालत नाही. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती लागते. समितीवरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, ओळखीने नाही. फीवाढीचा प्रस्ताव शाळेला कागदपत्रांसह याच समितीपुढे ठेवावा लागतो. तिथे बसणाऱ्या बऱ्याच पालकांना ताळेबंद वाचता येत नाही, तुम्हाला येतो. जूनमध्ये नाव द्या. चिठ्ठी निघाली तर बघाल, ट्रॉली बॅगवाली आई तुम्हाला फोन करून विचारेल, “यंदा किती वाढवतायत हो?” तेव्हा नीट उत्तर द्या. जुनं उकरू नका.

तुमच्या मिस्टरांना “दुर्लक्ष कर” म्हणायला काय जातं? ते गेटवर किती वेळा गेलेत? वाढदिवस घरी करायचं त्यांचं म्हणणं मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य करा आणि बदल्यात शुक्रवारची शाळेची ने-आण त्यांच्या गळ्यात मारा. घरून कामाचे दिवस असतीलच त्यांना. चार शुक्रवार आजीच्या जागी बाबा उभे राहिले की त्यांनाही कळेल तुम्ही कशाबद्दल बोलत होतात.

आणि टोकनचं आजच सांगून टाका त्यांना. हॉलवाल्याच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात रद्द करण्याच्या अटी असतात, त्या आधी वाचा. दिवस हातात असतील तर थोडे कापून बाकीचे देतात, किंवा तुमच्या तारखेला दुसरं गिऱ्हाईक मिळालं की पूर्ण देतात. फेब्रुवारी लग्नसराईचा महिना आहे, गिऱ्हाईक मिळेल. फोन करताना “बघू, विचार करतोय” असं म्हणू नका. रद्द करायचंय, असं सरळ सांगा आणि मेसेजवर लेखी मागून घ्या.